तीनशे सतरा नंबरची जावा

४ मार्च १९९६, सोमवार. पेण

माझा थोरला भाऊ जगनदादा सगळ्यांना सांगायचा, जावा फटफटी बावीसशेला पडली. अलिबागच्या एका डॉक्टरची, दहा वर्षं वापरलेली, त्या मानाने स्वस्त. खरा हिशेब असा: आईच्या पाटल्या, मिठागरावरची त्याची एका हंगामाची मजुरी आणि माझी नववी. मजुरी पुढच्या हंगामात पुन्हा मिळाली. पाटल्या आणि नववी गेली ती गेलीच. त्याच जूनमध्ये मी छापखान्यात झाडू मारायला लागलो. आज तो छापखाना माझा आहे, तेव्हा तक्रार नाही. हिशेब तेवढा पुरा असावा.

हे आज आठवायचं कारण म्हणजे मृणालीचे होणारे सासरे दत्तात्रेयशेठ रोह्याहून आले होते. मृणाली म्हणजे जगनदादाची मुलगी. बारा मेची तारीख पक्की झाली. मानपान, जेवण, बँड सगळं बोलून झालं. निघताना चपला घालता घालता म्हणाले, “पत्रिका काय, तुमचाच छापखाना. फक्त मुलीच्या वडलांच्या नावाआधी काय घालणार ते एकदा ठरवा. आमच्याकडची माणसं तेच आधी वाचतात.”

श्री. घालायचं की कै., एवढाच प्रश्न.

दादा अठ्ठ्याहत्तरच्या शिमग्यानंतर जावावर बसून गेला. तो आला नाही आणि जावाही आली नाही. मृणाली चार वर्षांची होती. कुणी विचारलं तर ‘बाहेरगावी असतो’ असं सांगत आम्ही अठरा वर्षं काढली. आता श्री. घातलं तर मांडवात लोक विचारणार, बाप कुठाय? कै. घातलं तर वहिनीचं कुंकू पुसावं लागणार.

हजारो पत्रिका छापल्या. श्री. आणि कै. हे छपाईचे शिशाचे खिळे पेटीच्या कुठल्या घरात आहेत ते मला न बघता सापडतं. आज संध्याकाळी खिळ्यांच्या पेटीसमोर उगाच उभा राहून आलो.

७ मार्च, गुरुवार

वहिनीला विचारलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

“मला काय इचारता भावजी? कान तुमचं तिखट. तुमीच आयका, कुठं हाय तो.”

टोमणा होता, पण त्यात खोटं काय? मी बाहेर चहा पीत असलो तरी मशीनच्या आवाजावरून सांगतो, शाई कमी पडलीय की कागद तिरका जातोय. गिऱ्हाईक पायरीवर खोकलं की कळतं, काम घेऊन आलंय की नुसतं बसायला.

जेवताना मला सुचलं. माणूस नाव बदलेल, दाढी वाढवेल. जावा काय करणार? तिला नंबर आहे, तीनशे सतरा. तिचा उजवा सायलेन्सर चिरलेला होता, त्यामुळे तीन ठोके सरळ पडायचे आणि चौथा गिळलेला. किक मारायच्या आधी दादा जीभ टाळ्याला लावून ‘च्क’ करायचा, बैलाला करतात तसं. खरं तर माणसांशी बोलायच्या आधीही त्याची तीच सवय होती.

मी बायकोला म्हटलं, “गाडीचं काय झालं ते कळलं की दादाचं कळेल. शंभर गाड्या एकदम सोड, त्यातली तीनशे सतरा मी डोळे मिटून सांगेन. आणि दादा तर नुसता श्वासावरून ओळखीन.”

ही म्हणाली, “मग अठरा वर्षांत का नाय ओळखला?”

“शोधला कुठे होता?” मी म्हणालो आणि भात कालवला.

१२ मार्च, मंगळवार

पेणमध्ये त्या काळी जावा खोलणारा एकच माणूस होता, गुणाजी मिस्त्री. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पण नंबर सांगितला तशी त्याने समोर गाडी असल्यासारखे हात पुढे केले.

“तीनशे सतरा. मरून टाकी. जावाची गंमत ठावं हाय ना तुला? किक मारली की तीच दांडी पुढं वळवायची, तोच गिअर. दांडी मोडली की गाडी म्हंजे नुसती खुर्ची. तिची दांडी मी जोडलीय, पितळ ओतून. कवा तरी बघशील तर पिवळं कडं दिसंल.”

“कधी जोडली?”

“गेला त्याच सकाळी. बोलला, घरात लाथ बसली गाडीला. कुणाची ते बोलला नाय.”

मी त्याच्या मोतीबिंदूची चौकशी केली.

त्या दिवसाचं इथे लिहून ठेवतो, नाहीतर लोक वाढवून सांगतात. आई तापाने पडली होती. दादाला औषध आणायला वेळ नव्हता, गाडी पुसायला होता. मी एवढंच म्हणालो की या घरात एक तर ही राहील नाहीतर मी. आणि गाडीला माझा पाय लागला. जरा जोरात लागला असेल. भावाभावांत एवढं होतंच. त्यावर कुणी अठरा वर्षं घर सोडत नाही, म्हणजे पुढे वाटेत काहीतरी घडलंच असणार.

गुणाजी म्हणाला, “मेलेली जावा शेवटी अष्टमी गावाला खलीलकडं जाते. रोह्याचा पूल ओलांड, कुणीपण सांगंल.”

१७ मार्च, रविवार. रोह्याहून परत

कुंडलिकेवरचा पूल पायी ओलांडला. खलीलचं गॅरेज लांबूनच ऐकू आलं. खलील पन्नाशीचा, गोड बोलणारा. त्याचा मुलगा तमीम आखातात आहे, म्हणून गॅरेजात फोन, आणि फोनवर जाळीचा रुमाल.

“या शेठ. गाडी कुठली?”

“माझी नाही. जुनी जावा आहे, तीनशे सतरा.”

तो हात पुसत होता, पुसतच राहिला. मी सगळं सांगितलं. माझं नाव, छापखान्याचा फोन नंबर, जगनदादाचं नाव, मृणालीचं लग्न, पत्रिकेची अडचण. मागच्या खोलीत पडद्याआड कुणीतरी लोखंडावर कानस घाशीत होतं. माझं बोलणं अर्ध्यावर आलं आणि कानस थांबली. मालक गप्पांना बसला की कामगार हात आखडता घेतो. माझ्याकडे तरी वेगळं काय आहे?

खलील म्हणाला, “गाडी आली होती, अठ्ठ्याहत्तर सालीच. पुढे खोलली. चाकं नागोठण्याला गेली, इंजिन कुणाच्या पंपाला, टाकी सडली. जावा अशीच जाते शेठ, एकदम मरत नाय.”

“आणली कुणी?”

“आठवत नाय.”

हे म्हणताना त्याचा आवाज खाली उतरला, किंचितच. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. हा खोटं बोलतोय, हे मी तिथेच ओळखलं.

मग तो “थांबा, एक तुकडा असेल” म्हणत पडद्याआड गेला. बराच वेळ लागला. कुजबुज ऐकू आली, पण तेवढ्यात बाहेरून ट्रक गेला. परत आला तेव्हा हातात कापडात गुंडाळलेली किकची दांडी होती. मधोमध पितळेचं पिवळं कडं. अठरा वर्षांचं लोखंड, पण गंजाचा ठिपका नाही, वर तेलाचा हात फिरलेला. काही म्हणा, खलील मालाची निगा राखतो.

“लग्न कधी म्हणालात?”

“बारा मे.”

“मुलगी शिकलीय?”

“बी.ए. झाली. गाते चांगली.”

“बी.ए. झाली, गाते चांगली,” तो मोठ्याने म्हणाला. मी काय बहिरा वाटलो की काय त्याला? “माशाल्ला.”

परतीच्या एसटीत सगळं जुळवलं. दादा एकवेळ बायकोला सोडेल, जावाला सोडणार नाही. म्हणजे गाडी त्याच्याकडून कुणीतरी हिसकावली, त्याला वाटेत कुठेतरी संपवला आणि माल खलीलला विकला. म्हणून खलील खोटं बोलतो. इतकं साधं आहे. आनंद होईल असं वाटलं होतं. नागोठण्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो, दांडी मांडीवर.

१८ मार्च, सोमवार

वहिनीला दांडी दाखवली. तिने ती पदरावर घेतली, बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

“हिला तेल कुणी लावलं?”

“खलीलने. मिस्त्री माणूस आहे.”

“अठरा वरसं? एका दांडीला?”

मी माझा तर्क तिला हळूहळू, जपून सांगितला. ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “मला एकडाव अष्टमीला न्या भावजी.”

“गॅरेजात तुम्ही काय करणार? चोरीचा माल घेणारा माणूस तो. मी बघतो ना.”

“बरं,” म्हणाली. पुन्हा विचारलं नाही. दांडी देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवली आहे.

२६ मार्च, मंगळवार

दुपारी छापखान्यात फोन आला. आधी लाईनवर च्क असा आवाज. टेलिफोनवाल्यांना पुन्हा एकदा सांगायला हवं.

“छापखाना ना? त्या मृणालीची पत्रिका झाली का छापून?”

“अजून नाही. कोण बोलतंय?”

ठेवला.

रोह्याकडचं कुणीतरी, दत्तात्रेयशेठच्या भावकीतलं. साठीच्या घरातला माणूस. दोन शब्दांमध्ये दम घेत होता, म्हणजे छातीचा विकार. मोठ्याने बोलत होता, म्हणजे कंपनीत मशीनवर शिफ्ट केलेला. एका वाक्यावरून एवढं सांगणारा पेण तालुक्यात दुसरा दाखवा. जोहे गावचा एक गणपती करणारा पावतीपुस्तकं घ्यायला बसला होता, त्याला हे सगळं सांगितलं. त्याने मानलं.

३ एप्रिल, बुधवार

पुन्हा अष्टमीला गेलो. खलीलला सरळ म्हटलं, “चौकीवर जाऊ का? गाडी कुणी आणली ते सांगा.”

घाबरला नाही, हेच नवल. खाली बसला, मलाही बसवलं.

“शेठ, छापायची घाई करू नका. मला थोडे दिवस द्या. जनावर असतं तर दावं धरून ओढून आणलं असतं. हे तसं नाय. आपल्या पायानं यायला पाहिजे.”

“कोण?”

खलीलने पडद्याकडे पाहिलं. “जो आणायचा तो.”

म्हणजे तो चोर अजून जिवंत आहे आणि खलील त्याला सावध करणार. मी म्हणालो, “दहा तारखेला मशीन चालू होणार. त्याआधी बोलायचं तर बोला.” हे मुद्दाम मोठ्याने बोललो. तिथे साथीदार असला तर त्यालाही कळावं. मागची कानस आज बंदच होती.

९ एप्रिल, मंगळवार

भटजींनी सांगितलं, प्रेत मिळालं नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. त्याचं सुतक तीन दिवसांचं, लग्नाच्या आड येत नाही. वहिनीला विचारलं, चालेल ना? ती म्हणाली, “तुमी ठरवलंत ना.” याला होकारच म्हणायचं.

संध्याकाळी मजकूर जुळवत होतो. कै. हातात असतानाच फोन वाजला. पुन्हा ती खराब लाईन, च्क, आणि तोच दम लागलेला माणूस.

“पत्रिकेत पोरीच्या बापाचं नाव हाय का?”

“आहे.”

“नावाआधी काय घातलंय?”

लोकांना किती पंचायती. म्हटलं, “कैलासवासी. उद्या सकाळी छापतोय. कोण बोलतंय?”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग “बरोबर हाय,” म्हणाला आणि ठेवला.

१३ एप्रिल, शनिवार

आज भोगावती नदीच्या काठी विधी झाला. माणसाएवढा पुतळा, हाडांच्या जागी पळसाचे देठ. डोक्याला नारळ. अग्नी मी दिला. देठ ओले होते, लवकर पेटले नाहीत. धूर सगळा आमच्याच अंगावर.

घरी भावकीतल्या बायका वहिनीभोवती जमल्या. ती म्हणाली, “कुणी हात लावू नका गो. ज्याचं हाय त्याचं मीच पुसते.” पुसलं. मंगळसूत्र काढून मृणालीच्या हातात दिलं. मृणालीने माझ्याकडे असं पाहिलं की मी गड्याला उगाच मांडवाचे बांबू मोजायला सांगितले.

पत्रिका बुधवारीच छापून झाल्या. छपाई झकास. गेल्या दहा वर्षांत इतकी स्वच्छ पत्रिका माझ्या हातून निघाली नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

काल खलीललाही एक पत्रिका पाठवली होती, दत्तात्रेयशेठच्या माणसाबरोबर. ज्याच्यावर संशय आहे त्याला मांडवात बोलवावं, तोंड बघायला मिळतं.

आज तिसरा फोन. च्क.

“पत्रिका बघितली. छपाई चांगली हाय. एकपण अक्षर फाटलेलं नाय. हात बसलाय तुमचा.”

मी खूश झालो. खोटं कशाला लिहू? “आमची नववी सुटली, पण अक्षर नाही सुटलं,” म्हणालो.

तिकडून पुन्हा च्क. मला वाटलं लाईन गेली. मग म्हणाला, “नववी सुटली ते वाईट झालं.”

“कोण बोलतंय?”

ठेवला. मोठा सज्जन माणूस. लग्नात ओळख काढली पाहिजे.

१२ मे, रविवार

लग्न पार पडलं. कन्यादान मी आणि हिने केलं. वहिनी मागच्या खुर्च्यांत बसली होती, पांढऱ्या कपाळाने. मृणाली अंतरपाटाआड उभी असताना पुढे बघण्याऐवजी मागे बघत होती.

खलील आला होता. आहेर दिला, पंगतीत बसला, तोंडावर चोरी काही दिसली नाही. वहिनी पाण्याच्या पिंपाजवळ त्याच्याशी काहीतरी बोलली. बँड इतका मोठ्याने वाजत होता की मला एक शब्द ऐकू आला नाही. बोलून झाल्यावर ती तिथेच पिंपाच्या कडेला बसली. तिला उन्हाचा त्रास होतो.

फोनवाला माणूस कुठे दिसला नाही. दम लागलेले म्हातारे चार भेटले, आवाज कुणाचाच जुळला नाही.

२ जून, रविवार

वहिनी चार दिवस मृणालीकडे रोह्याला गेली होती. आज आणायला गेलो. मृणाली दारातच म्हणाली, “आई अष्टमीला आहे काका. रोज जाते.”

पूल ओलांडला. गॅरेजात पडदा बाजूला सारलेला. मागच्या खोलीत लोखंडी खाट, खुंटीला कंपनीचा जुना निळा शर्ट, स्टुलावर कानस. खाटेवर वहिनी बसलेली. तिच्या मांडीवर तेलाची छोटी बुधली.

मी खलीलकडे पाहिलं. त्याने मला बसायला सांगितलं नाही.

“सगळे मिस्त्रीच म्हणायचे त्याला,” तो म्हणाला. “गाडी त्यानं स्वतःच विकली मला, पेणहून आला त्याच दिवशी. बोलला, हिच्यापायी घर मोडलं. फक्त दांडी मागून घेतली. मग धाटावला कंपनीत लागला. तिथं छाती गेली, तेव्हा मी इथं ठेवला. अठरा वर्षं दर शिमग्याला बोलायचा, ह्या वर्षी जातो. तुम्ही आलात त्या दिवशी त्यानं पडद्याआडून दांडी दिली. बोलला, बघू, ओळखतो का.”

“दांडी ओळखली मी,” मी म्हणालो.

“व्हय. दांडी ओळखलीत.”

पत्रिका मिळाली त्या दिवशी दादाने ती दोनदा वाचली, घडी केली, खिशात घातली. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेला. खलीलने अडवलं, तर म्हणाला, तिकडं माझं सगळं रीतसर झालंय, आता उगवून कुणाकुणाची तोंडं काळी करू?

“कुठे गेला?”

“काय सांगू शेठ? आता त्याच्याकडं गाडीपण नाय, नंबर सांगून शोधायला.”

वहिनी उठली. “चला भावजी, एसटी जाईल.”

पुलावर मी तिला विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“तेल ताजं होतं,” ती म्हणाली. घरी येईपर्यंत तिने खिडकीची जागा धरली होती. दांडी फळीवरून काढून ती तिच्या खोलीत घेऊन गेली.

एक लिहायचं राहिलं. निघताना खलीलच्या फोनवरचा जाळीचा रुमाल सरकलेला होता. वर भिंतीवर पेन्सिलीने माझ्या छापखान्याचा नंबर लिहिलेला, सातच्या आकड्याला दादा काढायचा तशी लांब शेपटी. गावाबाहेरच्या प्रत्येक फोनला खलील तिथे एक रेघ मारतो. माझ्या नंबराखाली तीन रेघा आहेत. तिन्ही वेळा फोन मीच उचलला होता आणि तिन्ही वेळा विचारलं होतं, कोण बोलतंय.